पंख्याचं गणित : कोकण किनाऱ्यावरच्या वेगाचा इतिहास

मलकापूरला समुद्र नाही. आंबा घाट उतरायचा, साखरपा, पाली, हातखंबा मागे टाकायचं, तेव्हा कुठे रत्नागिरीचं खारं वारं लागतं. पण रत्नागिरीचा मासा कोल्हापूरच्या बाजारात जातो तो आमच्या दारावरून. पहाटे बर्फाचं पाणी गाळत जाणाऱ्या गाड्या बसस्टँडजवळ चहाला थांबतात, आणि बंदरावरची खबर वर्तमानपत्राच्या आधी आम्हाला कळते. सुरमई आली की नाही, बांगडा कुठे गेला, वारा कसा आहे. गेल्या काही वर्षांत या गाडीवाल्यांच्या बोलण्यात माशाच्या भावाइतकाच एक विषय येतो, तो म्हणजे हॉर्सपॉवर. अमक्याने केवढं इंजिन बसवलं, मलपीवाल्यांच्या बोटी किती पळतात, सरकारी गस्तीची बोट कशी मागेच राहते.

आपल्याकडे समुद्राचा इतिहास लिहिला जातो तो किल्ल्यांचा, तोफांचा आणि आरमारप्रमुखांचा. बोट पळते कशी, आणि कोणाची जास्त पळते, याचा इतिहास कोणी लिहीत नाही. माझ्या मते या किनाऱ्यावरची बरीचशी भांडणं वेगाचीच होती. आजचंही त्यातलंच आहे.

आधी शब्द बघा. शिडाच्या काळातली आपली दर्यावर्दी भाषा अरबी-फारसीने भरलेली आहे. बंदर, लंगर, खलाशी, सारंग, नाखवा. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'. नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. वाट दाखवणारा मालम म्हणजे 'मुअल्लिम', मदरशातल्या मास्तरांचाच शब्द. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर हे शब्द फिरले, कारण माणसं फिरत होती. मग वाफ आली आणि शब्द इंग्रजी झाले. इंजिन, बॉयलर, शाफ्ट, गिअर. या सगळ्या परक्या शब्दांच्या गर्दीत एका वस्तूला मात्र आपल्या लोकांनी आपलं नाव दिलं. प्रोपेलरला कोकणात 'पंखा' म्हणतात. पात्यांचा आकार बघितला की पटतं. पण हा पंखा वारा घालत नाही, पाण्यात आटे पाडत पुढे सरकतो. लाकडात स्क्रू शिरावा तसा. हा फरक डोक्यात ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

शिडाच्या आणि वल्ह्यांच्या काळातलं वेगाचं सगळ्यात चांगलं उदाहरण खांदेरीचं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे होतं आणि मदतीला आरमाराचे सुभेदार दौलतखान. इंग्रजांनी आपली मोठी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. तोफा त्यांच्या मोठ्या, जहाजं त्यांची मोठी. पण नागावच्या खाडीतून रात्री रसद घेऊन निघणाऱ्या लहान होड्या त्यांना धरता येईनात. या होड्या उथळ पाण्यातून जात, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालत. मोठं जहाज वारा पडला की जागच्या जागी उभं. किल्ला बांधून झाला. दौलतखानाचं नाव आपण अभिमानाने घेतो ते तो मुसलमान असूनही महाराजांकडे होता म्हणून; हे 'असूनही' मला कधी आवडलं नाही. तो तिथे होता कारण त्याला ते पाणी आणि त्या होड्या कळत होत्या. पाण्याला साजेशी बोट निवडणं हे त्याचं खरं काम.

वाफेचं पहिलं मोठं पाऊल पडलं मुंबईतच. वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'ह्यू लिंडसे' हे वाफेचं जहाज २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघालं. त्याला पंखा नव्हता, दोन बाजूंना पाणचाकं होती आणि ८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. कोळसा इतका खायचं की एडन आणि जेद्दा इथे थांबून भरून घ्यावा लागला. जेद्दा हे नाव वाचून आमच्यासारख्यांना हज आठवतो. मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत चालल्या. आमच्या घरातले वडीलधारे बोटीने गेलेले होते, आणि त्यांच्या आठवणीत पहिले दोन दिवस नुसती उलटी आणि पायाखालची धडधड. ती धडधड सुरू झाली ती 'ह्यू लिंडसे'च्या वाटेवर.

याच वाडिया घराण्यातला अर्देशीर करसेटजी हा तरुण इंजिनाच्या मागे लागला. १८३३ साली त्याने 'इंडस' नावाच्या छोट्या बोटीत विलायतेहून मागवलेलं १० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. १८४१ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला, असा पहिला हिंदुस्थानी. पुढे मुंबईच्या सरकारी इंजिन कारखान्याचा मुख्य इंजिनिअर झाला आणि त्याच्या हाताखाली गोरे लोक काम करायला लागले. पारशी घराण्यातल्या या माणसाचा धडा आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता, नाही.

आणि इंजिनखोलीत कोण होतं? विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची माणसं बरीचशी रत्नागिरीकडची, म्हणजे आपले कोकणी मुसलमान. स्वयंपाकी आणि वाढपी गोव्याचे ख्रिस्ती. खाली भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे मुसलमान. भट्टी पेटवणारा आगवाला, तेल घालणारा तेलवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला. ही नावं कंपनीच्या इंग्रजी कागदांतही तशीच लिहिली जात. वरच्या मजल्यावर साहेब टेबलावर बसून किती नॉटने आपण चाललो याची पैज लावत, आणि तो नॉट खालचा आगवाला फावड्याने भट्टीत टाकत असे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

आता पंख्याकडे. त्याच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते, कारण ती अपघाताची आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला शेतकरी, मेंढ्या पाळणारा. १८३६ साली त्याने बोट ढकलणाऱ्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी दीड महिन्याच्या अंतराने जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही घेतलं. स्मिथचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा, उसाच्या रसाच्या घाण्याला असावा तसा लांब. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. स्मिथला वाटलं, बोट थांबणार. बोट उलट जास्त वेगाने निघाली. लांब स्क्रूचा मागचा भाग नुसता पाणी घासत होता, कामाचा होता तो पुढचा तुकडा. तिथून पंखा आखूड होत गेला आणि पात्यांचा झाला.

ब्रिटिश नौदलाला तरी पटेना. शेवटी ३ एप्रिल १८४५ रोजी साधारण सारख्या ताकदीच्या दोन बोटी पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या. पंख्याची 'रॅटलर' आणि पाणचाकांची 'अलेक्टो'. आपल्याकडच्या रस्सीखेचीसारखंच. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला अडीच नॉटहून जास्त वेगाने उलटं फरफटत नेलं. सरकारी खात्याला एखादी गोष्ट पटवायची तर सगळीकडे असंच करावं लागतं असं दिसतं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'टर्बिनिया'ची. बोटीला इंजिन कितीही भारी बसवा, पंखा चुकला तर काही उपयोग नाही, हे जगाला या बोटीने शिकवलं. चार्ल्स पार्सन्सने वाफेची टर्बाइन शोधली होती आणि १८९४ मध्ये ती दाखवायला शंभर फूट लांबीची ही बारीक बोट बांधली. इंजिन अफाट फिरत होतं, पण बोट वीस नॉटच्या आतच अडकली. पार्सन्सने पंखा बदलला, पुन्हा बदलला, पाती लहानमोठी केली. काही होईना. मग त्याला कळलं की दोष इंजिनात नाही, पाण्यात आहे. पंखा फार जोरात फिरला की पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथे उकळतं. थंड समुद्राचं पाणी. डोंगरावर गेलं की पाणी कमी उष्णतेत उकळतं हे आपल्याला ठाऊक आहे, दाब कमी म्हणून. इथे दाब डोंगरापेक्षा कितीतरी खाली जातो. वाफेचे बुडबुडे तयार होतात, पंखा पाण्याऐवजी वाफेत फिरायला लागतो, पकड सुटते. आणि तेच बुडबुडे पुढे दाबात येऊन फुटतात तेव्हा पात्यावर हातोडीसारखे बसतात, धातूला खड्डे पाडतात. इंग्रजीत याला कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्सने १८९५ मध्ये काचेच्या खिडकीची छोटी टाकी बनवून त्यात पंखा फिरवला आणि हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले.

मग त्याने एका दांड्याऐवजी तीन दांडे घातले आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे. ताकद वाटली गेली, एकेका पात्यावरचा भार कमी झाला. २६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला सगळं ब्रिटिश आरमार रांगेत उभं होतं. पार्सन्सने आमंत्रण नसताना आपली बोट त्या रांगांमधून चौतीस नॉटच्या आसपास पळवली. पहाऱ्याच्या बोटी तिला पकडू शकल्या नाहीत. काही वर्षांत नौदलाने टर्बाइन घेतल्या.

आपल्याकडे हे सगळं यायला अर्धं शतक लागलं. आलं ते डिझेलच्या रूपाने. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने मच्छीमारांना इंजिनासाठी कर्ज आणि सवलत द्यायला सुरुवात केली. केरळमध्ये १९५२ च्या करारातून इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञ किनाऱ्याकिनाऱ्याने फिरले. पूर्व किनाऱ्यावरच्या ओंडके बांधलेल्या कट्टुमरमला इंजिन बसवणं शक्य नव्हतं, तिथे नव्या बोटी आणाव्या लागल्या. सातपाटीची बोट मात्र तळाला अशी घडलेली होती की तिच्यात इंजिन बसलं. म्हणजे इंजिनाची कल्पनाही नसलेल्या सुतारांनी जो आकार पिढ्यान्‌पिढ्या घासून ठरवला, तो डिझेलच्या जमान्यातही चालला. याचं श्रेय कुठल्याही अहवालात त्या सुतारांना मिळालेलं नाही.

रत्नागिरीच्या राजिवड्यात, मिरकरवाड्यात दालदी मुसलमान मच्छीमारांची वस्ती जुनी. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे. मिरकरवाडा आज कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक आहे, आणि तिथे बंदराच्या मागच्या गल्ल्यांत इंजिनाचे मिस्त्री, वेल्डर, खरादी यांचं एक वेगळंच गाव आहे. आमच्या नात्यातले एक मामू त्यातल्याच एका वर्कशॉपात तीस वर्षं होते. पुढचं गणित त्यांच्याकडून ऐकलेलं आणि मग मी पुस्तकांत पडताळलेलं आहे.

कोल्हापूरकराला इंजिनाचं अप्रूप नाही. उद्यमनगरात शेतीच्या पाण्यासाठी ऑईल इंजिनं बनत होती, गावोगाव वीज पोचली तसा तो धंदा ओसरला आणि भट्ट्या-लेथ गाड्यांच्या सुट्या भागांकडे वळले. त्यामुळे आमच्याकडे दर तिसऱ्या माणसाला आपण इंजिन जाणतो असं वाटतं. पण विहिरीवरचं इंजिन आणि बोटीतलं इंजिन यांत मोठा फरक आहे. विहिरीवर भार ठरलेला. मोटारीला चार-पाच गिअर असतात, चढ आला की खालचा टाकायचा. बोटीला पुढे जायला एकच गिअर. वारा उलटा असो, जाळं भरलेलं असो, पंखा बदलता येत नाही. मामू म्हणायचे, "पंखा हाच बोटीचा गिअर, आणि तो समुद्रात जाण्याआधीच टाकून ठेवावा लागतो."

पंख्याची दोन मापं सांगतात. पहिलं व्यास, दुसरं पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती पुढे सरकायला हवा ते अंतर, इंचात. समजा इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतं आणि गिअरबॉक्स तीनास एक आहे. म्हणजे पंखा ६०० फेरे फिरतो. पिच २० इंच असेल तर मिनिटाला १२,००० इंच, म्हणजे हजार फूट. तासाला साठ हजार फूट. सागरी मैल ६,०७६ फुटांचा धरला तर जवळजवळ दहा नॉट. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, स्क्रू त्यात घसरतो. जड बोटीत ही घसर सहज तीस टक्के असते. हाती येतात सात नॉट.

मग पिच वाढवला तर वेग वाढेल? इथेच लोक फसतात. पिच जास्त झाला की इंजिनाला तो पंखा फिरवणं जड जातं. १८०० फेऱ्यांचं इंजिन १६०० लाच दमतं, डिझेल पूर्ण जळत नाही, धुराड्यातून काळा धूर येतो, आतली उष्णता वाढते आणि एक दिवस पिस्टन किंवा हेड जातं. पिच कमी झाला तर इंजिन मोकळं पळतं, आवाज मोठा आणि बोट संथ. म्हणून योग्य पंखा ओळखायची खूण एकच. बोट रोजच्या भाराने भरायची, पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांवर बरोबर पोचतं का ते बघायचं. रिकाम्या बोटीवर चाचणी घेऊन खूश होणारा नाखवा पहिल्या भरल्या फेरीत रडतो.

त्यात बोटीचा धंदा कोणता हेही आलं. ट्रॉलर दोन ते चार नॉटने जाळं ओढतो. त्याला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा हवा, बैलासारखा. पर्ससीनवाल्याला थव्याभोवती झटकन जाळं फिरवून आणायचं असतं, त्याला पळ हवी. पाण्याबाहेर काढलेल्या बोटीचा नुसता पंखा बघून ती कशी मासेमारी करते याचा अंदाज जाणता मिस्त्री बांधतो. कागदावर काहीही लिहिलेलं असो.

आणि इंजिनं तरी कुठली? बरीचशी मुळात ट्रकची. लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन कितीतरी बोटींत दिसतं. त्याला रेडिएटरऐवजी समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर आणि बोटीचा गिअरबॉक्स लावतात. ट्रक आंबा घाट चढताना अर्धा-पाऊण तास पूर्ण ताकद लावतो, मग उतार येतो. बोटीला उतार नाही. ती आठ-दहा तास एकाच भाराने चालते. म्हणून बोटीच्या इंजिनाची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते. पण कोणीतरी शेजारी पुढे जाताना दिसतो, आणि मग पंपाचं सील तोडून डिझेल 'वाढवलं' जातं. पहिल्या दिवशी बोट खरोखर पळते. मामूंच्या वर्कशॉपचं निम्मं उत्पन्न या पहिल्या दिवसांवर चालायचं.

शर्यतीच्या बोटीला हे सगळे नियम उलटे लागू होतात. ३ ते ५ मार्च २०१७ ला मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली होती. ही बोट पाणी कापत नाही, पाण्यावर चढून घसरत जाते. तळाचा थोडा भागच पाण्याला टेकलेला. मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं. गिअर पावणेदोनास एक धरला तर पंखा साधारण ३,४३० फेरे फिरतो. पिच २४ इंच घ्या, घसर फक्त दहा टक्के, आणि गणित साठ नॉटच्या वर जातं, म्हणजे ताशी एकशेदहा किलोमीटरहून जास्त. इथे पंखा पितळी-काशाचा नाही, स्टेनलेस स्टीलचा, कारण पातं पातळ ठेवूनही वाकता कामा नये. काही बोटींत तो अर्धा पाण्याबाहेरच फिरवतात. पार्सन्सला छळणारी वाफेची पोकळी इथे हवेने भरून टाकतात, म्हणजे बुडबुडे फुटून पातं खात नाहीत. इंजिन इंचभर वर उचलायचं की खाली, नाक किती उंच ठेवायचं, एक इंच पिच कमी केला तर इंजिनाचे दीडशे-दोनशे फेरे वाढतात ते परवडतात का, यावर तंत्रज्ञ रात्री घालवतात. दोन-तीन दिवस मुंबईकरांनी कठड्यावर बसून ते पाहिलं. ज्यांची रोजी त्या पाण्यावर, ते कोळी त्याच कठड्यावरच्या गर्दीत होते की नाही, मला ठाऊक नाही. बातम्यांत दिसले नाहीत.

वेगाची किंमत सगळ्यात नीट नौदलाला कळलेली आहे. १९७१ साली कराचीवर हल्ला करणाऱ्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र बोटींत प्रत्येकी तीन डिझेल इंजिनं होती, एकेक ४२ सिलिंडरचं आणि ४,००० हॉर्सपॉवरचं, तीन पंख्यांवर. पस्तीस नॉटच्या वर पळणाऱ्या या बोटींचा पल्ला मात्र तोकडा. म्हणून वाटेचा काही भाग त्यांना ओढून न्यायची युक्ती केली गेली. सगळा वेग शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवला. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन बोटींनी तो खर्च केला.

मच्छीमाराला असा ओढणारा कोणी नाही. त्याचं डिझेल त्याच्या पदरचं. आणि इथे ते गणित येतं जे बंदरावरच्या प्रत्येकाला हाडात माहीत आहे. पाण्यात वेग वाढवायचा तर ताकद घनाच्या पटीत लागते. आठ नॉटवरून दहा नॉट, म्हणजे फक्त सव्वापट. पण ताकद जवळजवळ दुप्पट. त्यातही लांबीची मर्यादा आहे. पाण्याला टेकलेली लांबी चाळीस फूट असेल तर साडेआठ नॉटच्या आसपास बोट स्वतःच्याच नाकाने उठवलेल्या लाटेवर चढायला लागते, पुढचं डिझेल चढणीतच जातं. साठ फुटांची असेल तर हीच मर्यादा दहाच्या पुढे सरकते. म्हणजे मोठी बोट जन्मतःच पुढे. डिझेल इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला ढोबळमानाने पाव लिटरच्या आत-बाहेर पितं. शंभर हॉर्सपॉवरला वीस लिटर, चारशेला ऐंशी. हे ऐंशी लिटर भरून निघायला जाळ्यात तेवढा मासा यावाच लागतो. नाही आला तर पुढच्या पाण्यात. तिथे नाही आला तर दुसऱ्याच्या पाण्यात.

मलपीचे ट्रॉलर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या हद्दीत येतात ते याच गणिताने. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचं पाणी. त्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये तो कडक केला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं आली, १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. कायद्याची कमी नाही. पण मालवणात रापण ओढणारा, किंवा फायबरच्या होडीला ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड लावून जाळी टाकणारा माणूस रात्री दिवे बघतो, किनाऱ्याला फोन करतो, आणि गस्तीची बोट निघते तेव्हा ट्रॉलर हद्दीबाहेर गेलेला असतो. गस्तीला बऱ्याचदा भाड्याने घेतलेली मच्छीमार धाटणीचीच बोट असते. तिच्या पंख्याचं गणित वर मांडलंय. दहा नॉटची बोट बारा नॉटच्या बोटीला पकडत नाही, कितीही इमानदार अधिकारी तिच्यावर बसवा. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर पोलिसांना वेगवान बोटी मिळाल्या, त्यातल्या कित्येक देखभालीअभावी उभ्या असल्याच्या बातम्या येत राहिल्या. जानेवारी २०२५ पासून मत्स्य विभाग ड्रोन उडवतोय. ड्रोन बोटीचा फोटो काढतो, दंड लावायला तो उपयोगी आहे. बोट थांबवत नाही.

बाहेरच्यांना दोष देणं सोपं आहे, आणि बंदरावर ते रोज होतं. पण चारशे हॉर्सपॉवरची चिनी इंजिनं आता फक्त मलपीत नाहीत. ज्या रत्नागिरीकराला पर्ससीनवर कमावायचंय तोही तिकडेच बघतो, आणि त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणारा छोटा मच्छीमारही रत्नागिरीचाच असतो. कधी एकाच मोहल्ल्यातला, एकाच मशिदीत शेजारी उभा राहणारा. भांडण हिंदू-मुसलमानांचं नाही, मराठी-कानडींचंही पूर्ण नाही. ज्याच्याकडे मोठा पंखा आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांचं आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, खालून पंखे सोडवून वर्कशॉपांच्या ओट्यावर ओळीने ठेवलेले. कोणाच्या पात्यात मागच्या मोसमात जाळं गुंतलेलं, कोणाचं टोक खडकाने मुडपलेलं. मामू पंखा पालथा घालून लाकडी पट्टी आणि टेप लावून पिच मोजायचे, पात्यावर बोट फिरवायचे. पाठीवर टोचल्यासारखे बारीक खड्डे लागले की ते नाखव्याला विचारायचे, "डिझेल वाढवलंय का रे?" नाखवा नाही म्हणायचा. मामू त्याचं बोट धरून त्या खड्ड्यांवर ठेवायचे, आणि मग दोघं नव्या पंख्याच्या भावाचं बोलायला लागायचे.